शाळेची पायरी न चढलेली हेडमिस्ट्रेस : बेगम रोकेया

दरवर्षी 9 डिसेंबर आला की बांगलादेशात रोकेया दिवस पाळला जातो. त्याच दिवशी त्यांचा जन्मदिन आणि त्याच दिवशी त्यांची पुण्यतिथी मानतात. आपल्याकडे बेगम रोकेया हे नाव ऐकलेले लोक आहेत, पण ते बहुतेक लेखिका म्हणून. ज्यांनी बायकांच्या राज्याची गंमतीदार गोष्ट लिहिली त्या, एवढीच ओळख. आम्हाला मात्र आज त्यांच्या दुसऱ्या ओळखीबद्दल लिहायचं आहे. बेगम रोकेया या शाळेच्या बाई होत्या. आयुष्याची शेवटची तेवीस वर्षं त्यांनी एक मुलींची शाळा चालवण्यात घालवली. आणि विशेष म्हणजे त्या स्वतः एक दिवसही शाळेत गेलेल्या नव्हत्या.

आमच्या घरांत आज डी.एड., बी.एड. झालेल्या मुली आहेत. कुणी उर्दू शाळेत शिकवते, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुणी टीईटी देऊन भरतीची वाट बघत बसली आहे. शिक्षिकेची नोकरी म्हणजे मुलीसाठी इज्जतीची नोकरी, असं आपण सहज बोलून जातो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुसलमान घरातल्या बाईने शिक्षिका व्हायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर रोकेयांची गोष्ट माहीत असायला हवी.

रात्रीची शाळा

रोकेयांचा जन्म 1880 चा. गाव पैराबंद, जिल्हा रंगपूर. तेव्हाचा बंगाल, आताचा बांगलादेश. वालिद मोठे जमीनदार, स्वतः अनेक भाषा जाणणारे. घरात अरबी, फारसी, उर्दू यांना मान होता. बंगाली ही मात्र आजूबाजूच्या साध्या लोकांची बोली. खानदानी घरात ती शिकायची नाही, निदान मुलींनी तरी नाही. मुलींनी कुरआन पढायला शिकावं, थोडी उर्दू वाचावी, बस्स.

दोन्ही थोरले भाऊ कलकत्त्याला सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. बहिणींसाठी मात्र पर्दा. तो पर्दाही कसला? पाचव्या वर्षापासून रोकेयांना अनोळखी बायकांसमोरही जायची परवानगी नव्हती. घरी पाहुण्या बायका आल्या की पोरीने लपायचं. पाच वर्षांच्या असताना आईबरोबर कलकत्त्याला राहण्याचा योग आला, तेव्हा एका इंग्रज बाईकडे थोडे दिवस धडे मिळाले. नातेवाईक कुरकुरले आणि ते धडेही बंद झाले.

थोरली बहीण करीमुन्निसा भावांचं बघून बघून बंगाली शिकली होती. अंगणातल्या मातीवर बोटाने अक्षरं काढायची. घरात हे कळल्यावर तिचं शिक्षण थांबलं आणि लवकरच लग्न लावून देण्यात आलं. पुढे तिने कविता लिहिल्या, पण जी उमेद होती ती सगळी पुरी झाली नाही. रोकेया हे बघत मोठ्या झाल्या.

रोकेयांच्या नशिबाने थोरला भाऊ इब्राहिम साबिर वेगळा निघाला. घरातले सगळे झोपले की हा भाऊ मेणबत्ती लावून बहिणीला इंग्रजी आणि बंगाली शिकवायचा. दिवसा नाही, कारण दिवसा लोक बघतात. अशी ही चोरून घेतलेली तालीम. पुढे रोकेयांनी आपली ‘पद्मराग’ ही कादंबरी याच भावाला अर्पण केली आणि ‘मोतीचूर’चा दुसरा भाग बहीण करीमुन्निसाला. घरातल्या या दोन माणसांचं ऋण त्या विसरल्या नाहीत.

आम्हाला इथे एक गोष्ट जाणवते. रोकेया पुढे जशा शिक्षिका झाल्या, त्याची सुरुवात इथेच आहे. शिकवणारं माणूस आपल्याच घरातलं असू शकतं, आणि एका माणसाने ठरवलं तर शिकणाऱ्याची वाट उघडते, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत पाहिलं होतं.

नवऱ्याची साथ

सोळा-अठराव्या वर्षी रोकेयांचं लग्न सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झालं. ते बिहारमधल्या भागलपूरचे, डेप्युटी मॅजिस्ट्रेट, उर्दू बोलणारे, विलायतेत शिकून आलेले. वयाने बरेच मोठे, पहिली बायको वारलेली, तिच्यापासून एक मुलगी. आजच्या नजरेने बघितलं तर हे स्थळ काही जोडीचं वाटणार नाही. पण हाच माणूस रोकेयांच्या लिहिण्या-वाचण्यामागे उभा राहिला. त्यांचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यानेच धीर दिला.

1902 पासून रोकेयांचं लिखाण बंगाली मासिकांत छापून येऊ लागलं. 1905 मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी गोष्ट मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. नवरा दौऱ्यावर गेला असताना वेळ जाईना म्हणून लिहिलेली ही गोष्ट. तिच्यात पुरुष घरात पर्द्यात बसतात आणि बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात. सखावत साहेबांनी परत आल्यावर ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि त्यांना ती आवडली, असं सांगतात.

संसारात दुःखही होतं. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्या असतानाच गेल्या. मग सखावत साहेबांना मधुमेहाने गाठलं, डोळे गेले. रोकेया त्यांना वाचून दाखवायच्या, त्यांची पत्रं लिहायच्या, औषधपाणी करायच्या. 3 मे 1909 ला त्यांचा इंतिकाल झाला. जाण्याआधी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. ते कशासाठी? मुलींच्या शाळेसाठी.

तिशीही न गाठलेली बेवा. पदरात मूल नाही. दागदागिने, जमीनजुमला घेऊन माहेरी जाऊन बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण पाच महिन्यांच्या आत, 1 ऑक्टोबर 1909 ला, रोकेयांनी भागलपुरात शाळा सुरू केली. नाव दिलं सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. मुली किती? पाच.

आठ मुली आणि एक गल्ली

भागलपूरची शाळा फार टिकली नाही. सखावत साहेबांची पहिल्या बायकोची मुलगी आणि जावई यांच्याशी मालमत्तेवरून वाद झाला आणि रोकेयांना ते घर, ते गाव सोडावं लागलं. 1910 मध्ये त्या कलकत्त्याला आल्या. पुढच्या वर्षी, 16 मार्च 1911 ला, वलीउल्लाह लेनमधल्या 13 नंबरच्या घरात तीच शाळा पुन्हा सुरू झाली. या वेळी मुली आठ.

बंगालमधली ही काही मुसलमान मुलींची पहिली शाळा नव्हे. कोमिल्लात नवाब फैजुन्निसा चौधरानींनी 1873 मध्येच मुलींची शाळा काढली होती. कलकत्त्यातही प्रयत्न झाले होते. उत्तरेत अलीगढला शेख अब्दुल्लाह आणि त्यांच्या बेगम वहीद जहाँ यांनी 1906 मध्ये मुलींचा मदरसा सुरू केला होता. शाळा काढणं अवघड होतंच, पण ती चालवत ठेवणं त्याहून अवघड. रोकेयांचं खरं काम तिथे आहे.

पैशांची अडचण लगेच उभी राहिली. ज्या बँकेत रक्कम ठेवली होती ती बँक बुडाली. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. शाळा चालते कशी, हेच रोकेयांना ठाऊक नव्हतं. वर्गात मुलींना बसवायचं कसं, एका बाईने तीस मुलींना एकदम कसं शिकवायचं, हजेरी, तास, वेळापत्रक हे सगळं त्यांनी फक्त ऐकलेलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण झालं होतं मेणबत्तीसमोर, एकटीने.

मग त्यांनी काय केलं? कलकत्त्यात ब्राह्मो समाजाच्या आणि ख्रिश्चन बायकांच्या मुलींच्या शाळा होत्या. रोकेया तिथे गेल्या, वर्गात बसून बघितलं, तिथल्या बायकांशी ओळख केली, विचारून विचारून शिकल्या. गावात पुस्तकांमुळे नाव झालेली लेखिका, मोठ्या घरची बेगम. पण दुसऱ्याच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच.

शिकवायला आणायचं कुणाला?

मुली मिळवणं हे एक काम. रोकेया घरोघर जायच्या, आया-बापांना समजावायच्या, मुलीच्या पर्द्याची जबाबदारी माझी, असा शब्द द्यायच्या. हळूहळू मुली येऊ लागल्या. 1915 पर्यंत आकडा 84 वर गेला.

पण मुलींपेक्षा कठीण होतं शिक्षिका मिळवणं. जरा विचार करा. मुसलमान मुली शिकलेल्याच नाहीत, मग शिकवणाऱ्या मुसलमान बाया येणार कुठून? पुरुष शिक्षक ठेवले तर दुसऱ्या दिवशी शाळा रिकामी. ज्या थोड्याफार बाया शिकलेल्या असतील त्यांनी पगार घेऊन नोकरी करायची, हीच घरच्यांना नामुष्की वाटायची. मास्तरीण म्हणजे जिला कुणी वाली नाही ती, अशी समजूत. त्यामुळे रोकेयांना मद्रास, गया, आग्रा अशा लांबलांबच्या गावांतून शिक्षिका आणाव्या लागल्या. कलकत्त्यातल्या एका छोट्या शाळेसाठी बाई मद्रासहून येते, यावरूनच टंचाई किती होती ते समजावं.

बाहेरून आणलेल्या बाया किती दिवस राहणार? शिवाय शिकलेलं असणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. रोकेया आपल्या शिक्षिकांना स्वतः तयार करायच्या. त्याच वेळी सरकारकडे त्यांचा तगादा सुरू होता की मुसलमान बायांसाठी शिक्षिकांचं ट्रेनिंग देणारी संस्था कलकत्त्यात हवी. हा तगादा वर्षानुवर्षं चालला. शेवटी 1919 मध्ये सरकारने मुस्लिम महिला ट्रेनिंग स्कूल सुरू केलं.

याच काळात आपल्या मुंबईच्या अतिया फैजी 1906 मध्ये शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला थेट लंडनला गेल्या होत्या. पण ते एका मोठ्या, सुधारलेल्या घराला परवडणारं. साध्या घरातल्या बाईला आपल्याच शहरात, आपल्या पर्द्याच्या चौकटीत राहून हा पेशा शिकता यायला हवा, हे रोकेयांनी ओळखलं होतं. शाळा एक असो की शंभर, शिक्षिका घडवणारी जागा नसेल तर ती दोन पावलांवर अडते.

बसची गोष्ट

शाळेच्या मुलींना आणायला-सोडायला गाडी लागायची. पुढे मोटार बस घेतली. पर्दा राहावा म्हणून ती चारही बाजूंनी इतकी बंद केली की आत काळोख. पहिल्याच दिवशी एक शिक्षिका मुलींबरोबर जाऊन आली आणि आत कसा जीव घुसमटतो ते तिने सांगितलं. मुली घाबरून रडायच्या, कुणाला उलटी व्हायची, कुणी बेशुद्ध पडायची. मुलींच्या घरून तक्रारी आल्या की आमच्या पोरींना मारणार आहात का?

मग खिडक्यांच्या झडपा उघडून तिथे कापडी पडदे लावले. तर आता दुसरी पत्रं आली. वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, ही बेपर्दगी थांबवली नाही तर उर्दू वर्तमानपत्रांत शाळेविरुद्ध लिहू, असा दम दिलेला. खाली सही इस्लामी भाऊ अशा अर्थाची, नाव नाही.

बस बंद ठेवली तर मुलींचा जीव जातो, उघडली तर शाळेचा. रोकेयांनी हा प्रसंग 1931 च्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्या पुस्तकात पर्द्याच्या अतिरेकाने बायकांवर आलेले असे 47 प्रसंग आहेत. काही वाचून हसू येतं, काही वाचून घशाशी येतं.

वाकल्या कुठे, नाही वाकल्या कुठे

इथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईल, आमच्याही मनात आला. लिखाणात पर्द्याच्या अतिरेकावर एवढी टीका करणारी बाई स्वतः मात्र बाहेर पडताना बुरखा घालायची, शाळेच्या गाडीला पडदे लावायची. मग हे दुटप्पीपण नव्हे का?

त्या काळातही लोकांनी त्यांना दोन्हीकडून बोल लावले. जुन्या वळणाचे म्हणायचे, ही बाई मुलींना ख्रिश्चन करणार. नव्या वळणाचे म्हणायचे, ही अजून बुरख्यात कशी? 1904 मध्ये मासिकात आलेला त्यांचा एक निबंध तर एवढा गाजला की पुढे तो ‘मोतीचूर’ मध्ये घेताना त्यातले पाच परिच्छेद गाळले गेले. धर्माच्या नावावर पुरुषांनी बायकांना दाबलं, असा त्यांचा रोख होता, आणि आजही तो सगळ्यांना पटेल असं नाही. त्यांच्या प्रत्येक मताला आपण मान डोलवावी असं आमचंही म्हणणं नाही.

पण शाळेच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ होता. घराबाहेर पडलेली मुलगी महत्त्वाची. ती कोणत्या गाडीतून आली हे नंतर बघू. एका चुकीच्या पावलाने आई-बाप बिथरले तर ऐंशी मुली घरी बसतील. म्हणून जिथे मुलीचं शिकणं थांबत नव्हतं तिथे त्या वाकल्या. जिथे थांबत होतं तिथे मात्र नाही. शाळेत कुरआन पढवलं जायचं, पण त्याचा अर्थही मुलींना कळावा असा आग्रह होता. त्याबरोबर उर्दू, फारसी, बंगाली, इंग्रजी. शिवणकाम, स्वयंपाक, आजाऱ्याची देखभाल, प्रथमोपचार. आणि व्यायाम. पर्द्यातल्या मुलींनी व्यायाम करायचा, हीच तेव्हा मोठी गोष्ट. दीन आणि दुनिया असे दोन वेगळे कप्पे त्यांनी केले नाहीत.

एका बाबतीत मात्र त्यांना बरीच वर्षं हार पत्करावी लागली. शाळेत मुली यायच्या त्या बहुतेक उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या. रोकेयांना बंगाली माध्यमाचा वर्ग हवा होता, कारण बंगालमधल्या मुसलमानांची खरी भाषा बंगाली. 1917 मध्ये तसा प्रयत्न केला, पण मुलीच मिळाल्या नाहीत, वर्ग बंद करावा लागला. घरात उर्दू, गल्लीत दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी अशा तिढ्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना हा प्रश्न परका वाटणार नाही.

शाळेच्या भिंतीबाहेर

1916 मध्ये रोकेयांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम ही बायकांची संघटना उभी केली. गरीब मुलींना मदत, बेवांना आधार, वस्तीत जाऊन बायकांना लिहायला-वाचायला शिकवणं, हाताला काम मिळावं म्हणून शिवण, अशी कामं ती करायची. 1926 मध्ये कलकत्त्यात बंगालच्या स्त्री-शिक्षण परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. जी मुलगी पाहुण्या बायकांपासून लपायची, तिने भरल्या सभेत मुसलमान मुलींच्या शिक्षणाची कैफियत मांडली.

शाळाही वाढत होती. जागा बदलली, मग पुन्हा बदलली. 1917 मध्ये ती मिडल स्कूल झाली, 1931 मध्ये हायस्कूल. पाच मुलींपासून हायस्कूलपर्यंत यायला बावीस वर्षं लागली. आपण दोन वर्षांत निकाल मागतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा.

9 डिसेंबर 1932 ला पहाटे कलकत्त्यात रोकेयांचा इंतिकाल झाला. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या टेबलाशी बसून लिहीत होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरचा तो लेख अर्धाच राहिला. वय अवघं बावन्न. चार वर्षांनी, 1936 मध्ये, सरकारने त्यांची शाळा आपल्याकडे घेतली. सखावत मेमोरियल ही शाळा कोलकात्यात आजही सुरू आहे.

आपल्यासाठी काय?

बेगम रोकेयांना बांगलादेशने खूप मान दिला. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार आहे, रंगपूरला विद्यापीठ आहे. पण त्यांचं खरं स्मारक म्हणजे त्यांच्या हाताखाली घडलेल्या मुली, ज्या पुढे आया झाल्या, शिक्षिका झाल्या, संस्था चालवणाऱ्या झाल्या. अंजुमनमध्ये त्यांच्याबरोबर काम केलेल्या शमसुन्नाहार महमूद यांनी 1937 मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. एका पिढीने दुसरीला उभं केलं ते असं.

आज आमच्या घरातल्या एखाद्या मुलीला शिक्षिका व्हायचं असेल तर तिच्यासमोर अडचणी आहेत. भरती रखडते, सुरुवातीची वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात, गाव लांबचं मिळालं तर घरचे नको म्हणतात, लग्न ठरताना बदलीचा प्रश्न निघतो. या अडचणी खऱ्या आहेत, आम्ही त्या हसण्यावारी नेत नाही. पण आज निदान शाळा आहे, डी.एड. कॉलेज आहे, आणि बाईने शिकवणं हे कुणाला नामुष्कीचं वाटत नाही. हे आपोआप झालेलं नाही. ज्यांच्या हाती यातलं काहीच नव्हतं अशा बायांनी ते एकेक करून उभं केलं.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. घरात शिकवण्याची आवड असलेली मुलगी असेल तर इब्राहिम साबिर व्हा, तिच्यासाठी मेणबत्ती धरा. ट्रेनिंगची फी भरावी लागली तर लग्नाच्या खर्चातून काढा. आणि ती नोकरीला लागली तर पगाराच्या आकड्याआधी तिला विचारा, आज वर्गात काय शिकवलंस?

कलकत्त्याच्या उत्तरेला सोदपूरला रोकेयांना दफन केलं गेलं. पुढे त्यांची कबर कुठे आहे हेही लोक विसरले होते. इतिहासकार अमलेंदु डे यांच्या खटपटीने ती जागा पुन्हा सापडली. आज ती पाणीहाटीच्या मुलींच्या हायस्कूलच्या आवारात आहे. शाळेत कधीच न गेलेल्या या बाईंच्या कबरीजवळून रोज मुली दप्तर घेऊन वर्गात जातात. अल्लाह त्यांची मगफिरत करो.